जोतीरावांचे वस्ताद : लहुजी साळवे

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायची म्हटली की लेखांची यादी बहुधा ठरलेली असते. तथागतांचे चरित्र, परमपूज्य बाबासाहेबांचा एखादा लढा, माता रमाई, सावित्रीबाई, शाहू महाराज. ते असायलाच हवे. परंतु यंदा आम्ही एका वेगळ्या माणसावर लिहायला बसलो आहोत, आणि त्याला कारणही तसेच घडले. गेल्या ११ एप्रिलला आपल्या विहारात जोतीराव फुले यांची जयंती झाली. बुद्धवंदना झाली, प्रतिमेला हार घातला, मुलांची पाच-सहा भाषणे झाली. नाल्यापलीकडच्या मातंग वस्तीतले एक म्हातारे बाबा दाराशी उभे राहून सगळे ऐकत होते. "बाबा, आत या, बसा," म्हटले तरी ते आत आले नाहीत. निघताना एवढेच बोलले, "पोरं चांगली बोलली. पण जोतीबांना पट्टा कोणी शिकवला, ते एकानंबी सांगितलं नाही."

आमच्यातल्या निम्म्यांना त्यांचे म्हणणेच कळले नाही. ज्यांना कळले, त्यांच्या माना खाली गेल्या.

जोतीरावांना दांडपट्टा शिकवणारे ते वस्ताद म्हणजे लहुजी राघोजी साळवे. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना आपले गुरू मानले हे आपल्या वस्तीतले शाळकरी पोरही सांगेल. मग गुरूचे वस्ताद आपल्याला अनोळखी कसे राहिले? या प्रश्नाकडे आम्ही पुढे येणार आहोतच. आधी त्यांची हकीगत सांगतो.

लहुजींची थोरवी कळायची तर पेशवाईतले पुणे डोळ्यांपुढे आणले पाहिजे. गळ्यात गाडगे नि कमरेला झाडू एवढे आपल्या सर्वांना पाठ आहे. पण त्या काळच्या तालमींविषयीची एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला होता. तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत छापून आला. त्यात ती सांगते की, बाजीरावाच्या राज्यात मांग-महारांपैकी कुणी तालीमखान्यापुढून गेला, तर त्याचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई आणि तलवारीच्या दांडूने तो टोलवला जाई.

वाचकहो, नीट वाचा. तालमीत शिरण्याचा नव्हे, तालमीपुढून नुसते जाण्याचा हा दंड! हत्याराची विद्या ज्याच्या हाती, त्याच्या हाती राज्य, हे सनातन्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून जसे वेदाचे अक्षर कानावर पडू द्यायचे नाही, तसा शस्त्राचा डावही नजरेला पडू द्यायचा नाही. एकीकडे लढाई आली की याच लोकांना पुढे घालायचे, गडाच्या राखणीला उभे करायचे, आणि दुसरीकडे शहरातल्या तालमीची सावली घेऊ द्यायची नाही, असा तो दुटप्पी कारभार होता.

आणि त्याच पुण्यात, ते राज्य बुडून पुरी पाच वर्षे होत नाहीत तोच, एक मांग स्वतःची तालीम काढतो. या एका गोष्टीसाठीसुद्धा लहुजींचे नाव इतिहासात राहायला पाहिजे.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी झाला. वडील राघोजी, आई विठाबाई. मातंग समाजाची गावकीतली कामे म्हणजे दोरखंड वळणे, केरसुण्या बांधणे, हलगी-सनई वाजवणे. पण गड-किल्ल्यांच्या मुलखात रामोशी, महार, मांग या जमातींकडे राखणीचे कामही असे, आणि साळव्यांच्या घरात शस्त्रविद्या पिढीजात होती. राघोजी पेशव्यांच्या शिकारखान्यावर होते, त्यांनी झुंज देऊन जिवंत वाघ पेशव्यांपुढे आणला, अशी कथा मातंग वस्त्यांतून आजही सांगतात. वाघाची कथा ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे घ्यावी. पण त्या घरातल्या पोराला पट्टा, तलवार, भाला, घोडा आणि निशाण बापाकडून मिळाले, यात शंका घेण्याचे कारण नाही. दुसरा शिकवणारा त्याला मिळणार तरी कुठून? तालमीचे दार तर बंदच होते.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. दुसरा बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता, आणि मैदानात बापू गोखल्यांच्या हाताखाली फौज लढत होती. या लढाईत राघोजी साळवे पडले. लहुजींना तेविसावे वर्ष पुरे व्हायला नऊ दिवस कमी होते. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. बाप गेला आणि राज्यही गेले. इंग्रजांना या मुलखातून घालवल्याशिवाय राहायचे नाही, अशी प्रतिज्ञा लहुजींनी घेतली असे परंपरा सांगते. ते जन्मभर अविवाहित राहिले, असेही सांगतात.

इथे आपल्यासारख्या वाचकाला थोडे अडखळायला होते, हे आम्ही जाणून आहोत. खडकीनंतर आठ आठवड्यांनी, १ जानेवारी १८१८ ला, कोरेगावच्या भीमातीरी आपले महार शिपाई कंपनीच्या पलटणीतून पेशव्यांच्या फौजेशी झुंजले. दरवर्षी आपण ज्या स्तंभाला मानवंदना द्यायला जातो, तो त्यांचा. मग राघोजी कोणत्या बाजूला लढले? पेशव्यांच्या! काही मंडळी एवढ्यावरच पुस्तक मिटतात. आम्हांला ते पटत नाही. पोटासाठी आणि इमानासाठी माणूस ज्याचे मीठ खातो त्याच्या बाजूने उभा राहतो. त्या काळी अस्पृश्य शिपाई दोन्ही फौजांत होते, आणि लढाई संपल्यावर दोन्हीकडचे गावाबाहेरच राहत होते. राघोजींनी ज्या राज्यासाठी जीव दिला, त्या राज्यात त्यांच्या मुलाला तालमीपुढून मान ताठ ठेवून जाता येत नव्हते. ही गोष्ट लहुजींना कळत नसेल असे कोण म्हणेल?

१८२२ च्या सुमारास लहुजींनी पुण्याच्या गंज पेठेत आपली तालीम सुरू केली, असे सांगितले जाते. गंज पेठ म्हणजे आजची महात्मा फुले पेठ. जोतीरावांचा वाडाही तिथलाच.

तालीम म्हणजे काय, हे आता नव्या पोरांना समजावून सांगावे लागते. त्यांना जिम ठाऊक, कराटेचा क्लास ठाऊक. तालमीत मधोमध हौद असतो. हौदात चाळलेली तांबडी माती, तीत ताक, तेल, लिंबाचा रस, हळद घालून ती मऊ केलेली. पहाटे अंधारात उठून आधी माती उकरायची, मग जोर, बैठका, मुद्गल फिरवणे, मल्लखांब. अंग तापले की मग डाव. वस्ताद काठावर उभा राहून बघतो, चुकले की हौदात उतरतो. ही झाली कुस्तीची तालीम. लहुजींची विद्या याहून पुढची होती. लाठी, फरी-गदगा, भाला, तलवार, नेमबाजी, आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे दांडपट्टा.

दांडपट्टा आपल्या मिरवणुकीत आजही दिसतो, पण तो आता दाखवण्याचा खेळ झाला. खरा पट्टा म्हणजे सुमारे चार फूट लांबीचे, सरळ, वाकवले तर वाकणारे पाते. मुठीवर लोखंडी आवरण, त्यात हात जवळजवळ कोपरापर्यंत आत जातो. त्यामुळे मनगट बांधल्यासारखे होते. तलवारीचा वार मनगटाने फिरवता येतो, पट्ट्याचा येत नाही. पट्टा फिरवायचा तो खांद्याने, कमरेने आणि पायाने. पाऊल चुकले तर पाते स्वतःच्याच मांडीत शिरते. म्हणून पट्टा शिकवताना वस्ताद पोराला आधी पट्टा देतच नाही. नुसता पवित्रा करून घेतो, नुसती पावले टाकायला लावतो. काठी हातात मिळायलाच कित्येक दिवस जातात. पट्टेकऱ्याची परीक्षा कशी, तर समोर माणसाच्या तळहातावर लिंबू ठेवायचे आणि हाताला ओरखडा न येता लिंबाचे दोन तुकडे करायचे. ज्याच्या तळहातावर लिंबू आहे, त्याचा पट्टेकऱ्यावर केवढा भरवसा असेल याचा विचार करा.

आम्हांला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पोथी लांबून शिकवता येते. गुरू ओट्यावर आणि शिष्य अंगणात, असे शेकडो वर्षे चाललेच होते. पण अंगाला अंग लागल्याशिवाय कुस्ती होत नाही, आणि वस्तादाने खांद्याला धरून वळवल्याशिवाय पवित्रा दुरुस्त होत नाही. लहुजींकडे शिकायला येणाऱ्यांत माळी होते, तसे ब्राह्मणही होते. जोतीरावांचे जिवलग मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांचे नाव त्यांत चरित्रकार घेतात. त्या ब्राह्मणाच्या पोराने मांग वस्तादाला सलामी दिली असेल, वस्तादाने त्याच्या खांद्याला हात लावला असेल, आणि घामाघूम दोघे एकाच मातीत उभे राहिले असतील. १८४० च्या दशकातल्या पुण्यात हे घडत होते! विटाळ जावा म्हणून तिथे कुणी भाषण केले नाही. शिकायचे असेल तर शिवून घ्यावेच लागे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. ते तालमीत येऊ लागले तेव्हा वस्ताद पन्नाशीच्या आसपास असतील. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिताना जोतीरावांनी आपल्या तरुणपणाची ही आठवण सांगितली आहे. इंग्रजांचे राज्य पालथे घालायचे या विचाराने आपण दांडपट्टा नि गोळीने निशाण मारणे शिकलो, असे ते मोकळेपणी कबूल करतात. पुस्तक छापले तेव्हा इंग्रजांचेच राज्य होते, हे विसरू नका. पुढे मात्र त्यांचा विचार पालटला. मिशनच्या शाळेत शिकले, मित्रांबरोबर थॉमस पेनचे लेखन वाचले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत शूद्र म्हणून अपमान होऊन परत फिरावे लागले. इंग्रज उद्या गेला, तर परवा पुन्हा पेशवाईच येईल, आणि आपल्या माणसाला आधी अक्षर पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्याच १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली.

आता खरी गंमत पुढे आहे. शिष्याने वस्तादाची वाट सोडली. ज्या इंग्रजांना घालवायची वस्तादाची प्रतिज्ञा, त्याच इंग्रज सरकारने शिष्याचा सत्कार केला. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांना शाल दिली गेली. विश्रामबागवाडा म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचा राहता वाडा! एखादा दुसरा वस्ताद असता तर म्हणाला असता, "पोरगं फितूर झालं." तालमीची पायरी चढू दिली नसती. लहुजींनी काय केले?

१८५२ मध्ये वेताळ पेठेत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाली. शाळा काढणे एक वेळ सोपे, तीत पोरे आणणे महाकठीण. अक्षर शिकलेल्याच्या अन्नात किडे पडतात असे त्या काळी लोकांच्या मनात भरवून दिले होते. पोर शाळेत गेले तर घरच्या कामाला दोन हात कमी. आणि माळ्याचा पोरगा महार-मांगवाड्यात येऊन 'शिका' म्हणतो, त्याच्यावर विश्वास का ठेवावा? तेव्हा त्या वाड्यांत उभे राहून बोलेल असे आतले माणूस हवे होते. त्या शाळांच्या हकिगतीत अशी दोन नावे येतात, लहुजी बिन राघ राऊत मांग आणि राणबा महार. विद्येचा उपयोग आपापल्या जातभाईंना समजावून सांगणारे आणि मुलांना शाळेकडे वळवणारे हे दोघे. एक मांग आणि एक महार, आणि हाक घालणारा माळी! आपल्या चळवळीतल्या एकीचा इतका जुना दाखला आमच्या तरी वाचनात दुसरा नाही.

साठीकडे झुकलेला तो वस्ताद, सगळे आयुष्य पट्टा नि बंदुकीत गेलेले, स्वतः शाळेचे तोंड न पाहिलेला, आणि तो घरोघर हिंडून सांगतो की पोराला पाटी द्या. पोरीलाही द्या. जी मुक्ता पुढे निबंध लिहिते ती साळव्यांचीच, लहुजींची नात म्हणून ती ओळखली जाते. वस्तादांनी आपली प्रतिज्ञा सोडून दिली असे आम्ही म्हणत नाही. पण शिष्य जे बोलतो त्यात तथ्य आहे, आपल्या लोकांना आज याची गरज आहे, हे ज्याला पन्नाशी उलटल्यावर पटते आणि जो त्यासाठी दारोदार हिंडतो, तो माणूस केवढा मोठा! आपल्या घरांत बघा ना. वडीलमाणसाला मुलाचे म्हणणे पटले तरी 'हो' म्हणायला जीभ वळत नाही.

जोतीराव-सावित्रीबाईंवर दगड-शेण पडत होते त्या काळात लहुजींच्या तालमीतली पोरे त्यांच्या पाठीशी असत, असे सांगतात, आणि ते खरे असण्याचा संभव मोठा आहे. मात्र आम्हांला एक दुसरी गोष्ट आठवते. १८५६ च्या सुमारास जोतीरावांना मारायला रात्री दोन मारेकरी घरात शिरले, रोडे आणि धोंडिराम कुंभार. दोघेही गरीब, खालच्या जातीतले, पैशासाठी आलेले. चरित्रकार सांगतात की जोतीराव त्यांच्याशी बोलत राहिले, माझ्या मरणाने तुमचे भले होत असेल तर मारा म्हणाले. मारेकऱ्यांच्या हातातली हत्यारे गळाली. पुढे ते दोघे त्यांचेच अनुयायी झाले. लहुजींकडे पट्टा शिकलेला माणूस, पण त्या रात्री त्याने हात उगारला नाही. ज्याला हात चालवता येत नाही त्याने हात आवरला तर त्याला भ्यालेला म्हणतात. जोतीरावांना तसे कुणी म्हणू शकत नव्हते. तालमीतून त्यांनी काय नेले, याचे आमच्या मते हेच उत्तर आहे.

आपल्या काही उपासक-उपासिकांना शंका येते की, विहारात लाठी-काठी शिकवणे धम्माला धरून आहे का? दर रविवारी सकाळी आपल्या हॉलमागे वर्ग चालतो, त्यावरून मागे कुजबुज झालीच होती. म्हणून थोडे सांगतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा अर्थ करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतला फरक दाखवला आहे. समता सैनिक दलाचे जवान काठी घेऊन कवायत करत, ते कुणाचे डोके फोडायला नव्हे, तर सभेवर चालून येणाऱ्याने दोनदा विचार करावा म्हणून. लहुजी अर्थातच बौद्ध नव्हते. १९५६ ची धम्मदीक्षा त्यांच्या मृत्यूनंतर पंचाहत्तर वर्षांनी झाली. त्यांना ओढूनताणून बौद्ध करण्याचे कारण नाही, तसे कुणी करूही नये.

लहुजींच्या शिष्यांविषयी दोन शब्द. वासुदेव बळवंत फडके त्यांच्याकडे शिकले असे मानले जाते. फडक्यांनी रामोशी, कोळी, मांग अशा लोकांना हाताशी धरून १८७९ साली बंड केले, जुलैत ते पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. ते लहुजींकडे शिकले हे पटण्यासारखे आहे, कारण त्या जमातींमध्ये शिरायला वस्तादांच्या ओळखीसारखा दुसरा परवाना नव्हता. याशिवाय टिळकांचे नाव घेतात, आणखी पुष्कळांची घेतात. शिष्यांची ही यादी दर जयंतीला थोडी लांबते, असे आमचे निरीक्षण आहे. त्यात जयंती करणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. ज्याचे नाव शाळेच्या पुस्तकात शोधून सापडत नाही, त्याला मोठा ठरवायला लोक मोठ्यांची नावे गोळा करतात. पण लहुजींना त्याची गरज नाही. एकटे जोतीराव पुरे आहेत.

१८७८ साली सरकारने हत्यारांचा कायदा केला. हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. वस्तादांचे वय तेव्हा चौऱ्याऐंशीच्या घरात. पेशवाईत जातीमुळे जी विद्या मना होती, ती इंग्रजीत कायद्यामुळे अडली. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजी गेले. पुण्यात संगमवाडीला, मुळा-मुठेच्या संगमाजवळ त्यांची समाधी आहे. १४ नोव्हेंबरला आणि १७ फेब्रुवारीला तिथे गर्दी होते. आमच्यापैकी तिघे जण मागच्या फेब्रुवारीत गेलो होतो. हलग्या कडाडत होत्या, गावोगावच्या बाया भाकरी बांधून आल्या होत्या, पोरे पट्टा फिरवत होती. निळ्या टोप्या फार थोड्या दिसल्या. कोरेगावला आपण लाखांनी जातो. संगमवाडी काही तिथून परदेशी नाही.

आता तो सुरुवातीचा प्रश्न. आपल्याला लहुजी अनोळखी का राहिले? ते मातंगांचे म्हणून. स्पष्ट लिहिले पाहिजे. सरकारनेही २००३ साली मातंग समाजाच्या अभ्यासासाठी आयोग नेमला, त्याला लहुजींचे नाव दिले. नाव योग्यच, पण त्यामुळे ते त्या एका समाजाच्या खात्यावर पक्के मांडले गेले. पुण्यातल्या अठरापगड पोरांना शिकवणारा वस्ताद एका जातीचा पुढारी होऊन बसला. आपणही निश्चिंत झालो, की त्यांची जयंती ते करतील, आपली आपण करू.

चौदा वर्षांच्या मुक्ताने हेही लिहून ठेवले आहे. तिचा निबंध आपण सभांतून वाचतो तो ब्राह्मणांवर तिने ओढलेल्या ताशेऱ्यांसाठी, आणि टाळ्या घेतो. पण त्यातच ती म्हणते की, ब्राह्मणांचा थोडा गुण महारांनाही लागला, तेही स्वतःला मांगांपेक्षा उंच समजतात आणि मांगांची सावली टाळतात. ही ओळ आपल्या व्यासपीठावरून कधी ऐकू आली आहे? आम्ही तरी ऐकली नाही. आम्हीही भाषणे केली, आणि आम्हीही ती गाळली. १४ एप्रिलच्या आपल्या मिरवणुकीत वर्षानुवर्षे हलगी नाल्यापलीकडची असते. बिदागी वेळेवर देतो, जेवायला वाढतो. पण रथावर कोण बसायचे या बैठकीला त्यांच्यातल्या कुणाला बोलावल्याचे आम्हांला आठवत नाही.

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल असा निकाल दिला. तेव्हापासून दोन्ही वस्त्यांतले बोलणे कमी झाले आहे, हे सगळ्यांना दिसते. त्या निकालाची चर्चा इथे करायची नाही. ती करणारे जाणते लोक आहेत, आणि आपल्यातही त्यावर दोन मते आहेत. आम्ही एवढेच नोंदवतो की, ते बाबा ११ एप्रिलला दाराशी उभे राहिले आणि आत आले नाहीत, ते या दिवसांत.

त्या जयंतीनंतरच्या रविवारी आमच्यातले दोघे त्यांच्या घरी गेले. चहा झाला. बाबांच्या घरात पत्र्याला टेकून एक जुनी फरी आणि वेताचा गदगा उभा होता, त्यांच्या आज्याचा. "शिकवाल का आमच्या पोरांना?" असे विचारल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शिकवीन की. पण पहाटे पाचला यावं लागंल. सातला न्हाई चालायचं." सध्या सात मुले आणि तीन मुली जातात. आपल्या वस्तीतली सहा, त्यांच्यातली चार. गेल्या महिन्यापर्यंत त्यांच्या हातात काठीसुद्धा आलेली नव्हती, नुसती पावले टाकणे चालू होते. पालक विचारतात, प्रमाणपत्र कधी मिळणार?

लहुजींची एक तसबीर आम्ही पुण्याहून येताना आणली. ती कोणत्या भिंतीवर लावायची यावर कार्यकारिणीत दोन बैठका झाल्या. काहींचे म्हणणे, विहारात फक्त तथागत आणि बाबासाहेब असावेत. काहींचे म्हणणे, मग जोतीराव-सावित्रीबाई कशा चालतात? तसबीर तूर्त ग्रंथालयाच्या कपाटात ठेवली आहे. किल्ली कपाटावरच असते.